तंतोतंत जुळलेली अकरा वर्षं

ऑफिसात तिला सगळे टक्केबाई म्हणत. तोंडावर नाही, पण तिला माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर नाव तिला आवडायचंही. वीज नियामक कार्यालयाच्या तिसऱ्या मजल्यावर, फायलींच्या कपाटाआड तिचं टेबल होतं. तिथं बसून ती राज्यभरातल्या वीज कंपन्यांना वर्षानुवर्षं एकच प्रश्न विचारत आली होती: तुम्ही लोकांना जी वीज देता, तिच्यातली ऊन, वारा आणि पाणी यांच्यापासूनची किती टक्के? तीस टक्के भरले तर शिक्का, नाही भरले तर नोटीस. टक्के मागणारी माणसं सरकारी ऑफिसात काही कमी नसतात, पण उन्हाचे टक्के मागणारी आमचीच, असं तिचा नवरा आल्यागेल्याला सांगे आणि कोणी हसायच्या आत स्वतःच हसे.

वर्ष संपायला दहा आठवडे उरले असताना, एका मंगळवारी, चिमटा तिच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. चिमटा म्हणजे ऑफिसचा आकडेतज्ज्ञ. धान्यातला खडा काढावा तशी आकड्यांतली चूक वेचून काढायचा, म्हणून हे नाव पडलेलं. माणूस वाईट नव्हता. पण चूक सापडली की त्याच्या चेहऱ्यावर जी तृप्ती पसरायची, ती बघवत नसे. आज ती भरपूर पसरली होती.

"डोंगरातली ती सहकारी संस्था," तो म्हणाला. "तुमची लाडकी."

लाडकी होती, यात खोटं नव्हतं. डोंगरातल्या एका गावाची ती स्वतःची वीजसंस्था. नऊ हजार घरं, चाळीस नोकर, आणि नदीच्या पाण्यावर चालणारं एक जुनं, लहानसं वीजघर. संस्थेच्या टक्क्यांचा बहुतेक भार त्या एका वीजघरावर होता. गेली दोन वर्षं ते टक्के थोडक्यात हुकले होते. यंदा तिसऱ्यांदा हुकले, तर नियमाप्रमाणे परवाना जाणार आणि गाव मोठ्या कंपनीच्या पदरात पडणार. मोठी कंपनी असलं चिमूटभर वीजघर चालवत बसणार नाही, ती पहिल्याच महिन्यात त्याला टाळं लावणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

तरी ती लाडकी, ती वेगळ्याच कारणासाठी. प्रत्येक वीजघराला दोन मीटर असतात. एक यंत्रापाशी, दुसरा दूर उपकेंद्रात, जिथून वीज गावात जाते. दिवसातून तीन वेळा दोन्ही वाचायचे, तारेत होणारी ठरलेली घट वजा करायची आणि आकडे जुळवून पाहायचे. ते कधीही जुळत नाहीत. दोन माणसं, दोन घड्याळं. एक चहाच्या आधी वाचतो, दुसरा चहा झाल्यावर. दहा-वीस युनिटांचा फरक राहतोच. सगळ्या राज्यात आकडे जुळायचे ते फक्त या डोंगरातल्या वीजघराचे, आणि तेही शेवटच्या युनिटापर्यंत. नव्या भरतीच्या वर्गात टक्केबाई त्यांचीच नोंदवही पडद्यावर दाखवून सांगायची, काम असं करावं.

"अकरा वर्षं," चिमटा म्हणाला. "रोज तीन. म्हणजे बारा हजार नोंदी. एकदाही फरक नाही."

"मग? कौतुक करायला आलास का?"

"बाई, खरे आकडे असे नसतात. एक मीटर वाचतात आणि दुसऱ्याचा आकडा खुर्चीत बसून लिहितात. आणि हे बघा. नदीला पाणी आहे तेवढी वीज निघत नाही. दहावा हिस्सा, थोडा जास्तच, कुठेतरी जातोय. एकतर वही खोटी आहे, नाहीतर वीज मागच्या दाराने बाहेर जातेय. दोन्हीही असेल."

टक्केबाईने त्या संस्थेची फाईल पुढे ओढली. ती वही खोटी, तर तिच्यावरचे अकरा वर्षांचे तपासणीचे शिक्के कोणाचे? तिचे. इतकं साधं तिला कसं दिसलं नाही, हा प्रश्न चिमट्याने विचारला नाही, हे त्याचं सौजन्य. पण तो टेबलावर मांडल्यासारखा दिसत होता. जुळलेले आकडे बघून आपण खूश होत गेलो, आणि खूश झालेला माणूस तपासत नाही, हे तिला त्या क्षणी लख्ख कळलं.

अध्यक्षसाहेबांनी दुपारीच बोलावलं. ते फारसं बोलत नसत. "शुक्रवारी अहवाल द्या," ते म्हणाले. "खोटं निघालं तर वर्ष संपायची वाट बघायची नाही, परवाना रद्द. आणि तुम्ही स्वतः जा. शिक्के तुमचे आहेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी ती न्याहारीला बसली. सासूबाई समोर बसल्या होत्या. त्यांची सारी हयात छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेली होती, आणि निवृत्त झाल्यावरही त्या औषधाच्या बाटलीवरच्या मजकुरातल्या चुका पेन्सिलीने दुरुस्त करत. सुनेने सगळं सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "अकरा वर्षांत एक चूक नाही? अगं, एकही चूक नाही असं पान माझ्या हाताखालून कधी गेलं नाही. एक तर कोणी जीव टाकून काम करतंय, नाहीतर कोणी कामच करत नाहीये. मधलं काही नसतं."

"आणि कोणतं ते कसं कळायचं, आई?"

"माणूस बघून. वही बघून नाही कळत."

ऑफिसची गाडी न घेता ती स्वतःच्या गाडीने निघाली. नवऱ्याची गाडी शिकवायची शाळा होती, त्यामुळे घाट चढताना त्याच्या सूचना कानात वाजत राहिल्या, पण तिचं लक्ष नव्हतं. चार तास ती एकच विचार करत होती. खोटं निघालं तर चाळीस माणसं घरी बसतील, नदीवरचं ते यंत्र भंगारात जाईल, आणि हे सगळं तिच्या सहीने होईल. खरं निघावं असं तिला वाटत होतं, पण बारा हजार नोंदी खऱ्या कशा असतील, ते काही केल्या सुचत नव्हतं.

येणार असल्याचं तिने कोणालाही कळवलं नव्हतं. पावणेबाराला ती वीजघराच्या दारात उभी राहिली. एकच लांबट खोली. मधोमध हिरव्या रंगाचं यंत्र, त्याचा घुमणारा एकसुरी आवाज, भिंतीवर घड्याळ, खिडकीपाशी टेबल, त्यावर मेणकापड आणि नोंदवही. कोपऱ्यात रबरी बूट पुसून जोडीने ठेवलेले. फरशी अशी स्वच्छ की तिला आपल्या चपला काढाव्याशा वाटल्या.

यंत्रचालक साठीच्या घरातला होता. अख्खं गाव त्याला काका म्हणायचं, हे तिला फायलीतल्या पत्रांवरून माहीत होतं. त्याने तिच्याकडे पाहिलं, आणि त्याचा हात आपोआप सदऱ्याच्या वरच्या बटणाकडे गेला.

"या, बाई," तो म्हणाला. "बऱ्याच वर्षांनी."

तिला तो आठवत नव्हता. ती म्हणाली, "काका, तुमचं रोजचं काम करा. बाराचं रीडिंग घ्याल तेव्हा मी नुसती बघत उभी राहीन."

काकाने मान हलवली. बाराला दहा कमी असताना तो उठला, यंत्रामागच्या मोठ्या लोखंडी चाकाला दोन्ही हात घातले आणि ते फिरवायला लागला. यंत्राचा आवाज खाली खाली येत गेला. बाहेर पाण्याचा आवाज वाढला, बांधावरून नदी सांडायला लागली. पाच-सहा मिनिटांत खोलीत एवढी शांतता झाली की घड्याळ ऐकू यायला लागलं.

टक्केबाईच्या मनात पहिला विचार आला तो वाईटच. हा काहीतरी लपवतोय.

"हे काय करताय?"

"रीडिंग घेतोय," काका म्हणाला. त्याने मीटरचा आकडा वाचला, वहीत लिहिला, पुन्हा वाचला, मग वही काखेत घेऊन दाराला कुलूप लावलं आणि उताराच्या पायऱ्या उतरायला लागला. ती मागोमाग निघाली. पायऱ्या एकशेचाळीस, पुढे दगडगोट्यांची पायवाट, आणि तिच्या पायात ऑफिसच्या चपला. काका उजवा गुडघा न वाकवता, एक एक पायरी दोन्ही पायांनी उतरत होता. उपकेंद्रातल्या माणसाने त्याला पाहून आपली खुर्ची सवयीने बाजूला सरकवली. काकाने तिथला मीटर वाचला, पहिल्या आकड्याशेजारी लिहिला, घट वजा केली. तंतोतंत. मग तोच सगळा चढ पुन्हा चढून, कुलूप उघडून, चाक उलटं फिरवून त्याने यंत्र हळूहळू सुरू केलं. ते पूर्ण वेगात आलं तेव्हा घड्याळात पाऊण वाजून गेला होता. टक्केबाईने वेळ मोजला होता: पंचावन्न मिनिटं.

"हे रोज?"

"रोज तीनदा. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा. तेवढा वेळ गाव बाहेरच्या विजेवर."

"रजेच्या दिवशी?"

"रजा कुठली, बाई. आजारी पडलो तर बायको येते. तिला शिकवलंय."

"पण काका, यंत्र बंद का करता?"

भलत्या वेळी थट्टा करणाऱ्याकडे बघावं तसं काकाने तिच्याकडे पाहिलं. मग सावकाश म्हणाला, "तुम्हीच सांगितलंत ना."

आणि मग त्याने सांगितलं, तिला आठवण करून द्यावी म्हणून, तक्रार म्हणून नव्हे. अकरा वर्षांपूर्वी ती इथं आली होती. तेव्हा वरचा मीटर तो वाचायचा आणि खालचा उपकेंद्रातला माणूस. तारेच्या टेलिफोनवर एकमेकांना सांगायचे. त्या दिवशी दोन आकड्यांत एकोणीस युनिटांचा फरक निघाला होता. ती याच टेबलाशी उभी राहून म्हणाली होती, की दोन आकडे जुळलेच पाहिजेत, फरकाचा लेखी खुलासा द्या, आणि पुन्हा असं दिसलं तर या यंत्राला कुलूप लावून जाईन.

"मी रात्रभर विचार केला," काका म्हणाला. "दोन माणसं वाचणार तर फरक पडणारच. म्हणजे एकाच माणसाने वाचायला हवं. पण एकाला खाली जायला वीस मिनिटं लागतात. तेवढ्यात वरचा आकडा पुढे पळतो. मग यंत्रच थांबवलं, की आकडा जाणार कुठे? त्या दिवसापासून एका युनिटाचा फरक नाही. आमच्या सचिवांनी एकदा विचारलं, की हे कशासाठी. मी म्हटलं, वरून हुकूम आहे. ते गप्प बसले. वरच्या हुकमांचं असंच असतं, म्हणाले."

टक्केबाई टेबलापाशीच्या स्टुलावर बसली. तिला आता सगळं आठवलं. नोकरीतली पहिली पाहणी. नवी कोरी पर्स, नवं ओळखपत्र, आणि आपल्याला कोणी कच्चं समजू नये म्हणून चढवलेला आवाज. समोर कोण होतं ते तेव्हा तिने नीट पाहिलंही नव्हतं. ती खाली शहरात परतून ते बोलणं विसरून गेली, आणि इथं एक माणूस तिच्या त्या एका वाक्यापायी दिवसातून तीनदा डोंगर चढत-उतरत राहिला.

पण आधी तिचा जीव भांड्यात पडला, हे कबूल केलं पाहिजे. वही खरी होती. बारा हजारच्या बारा हजार नोंदी खऱ्या होत्या, एकेक आकडा पायी चालून आणलेला होता. लाज वाटली ती त्यानंतर, आणि मग ती बराच वेळ गेली नाही.

मोबाईलला रेंज फक्त बांधाच्या कठड्यापाशी होती. तिथं जाऊन तिने चिमट्याला फोन लावला आणि काय पाहिलं ते सांगितलं. पलीकडून कॅल्क्युलेटरची बटणं दाबल्याचा आवाज आला.

"तीन वेळा पंचावन्न," चिमटा म्हणाला. "दिवसाचे पावणेतीन तास. म्हणजे साडेअकरा टक्के, जवळजवळ." तो थांबला. "बाई, माझा दहावा हिस्सा सापडला की."

"आता पुढचं सांग. आहे तसं चाललं तर वर्षअखेर किती होत होते?"

"एकोणतीस पूर्णांक सहा. हुकत होते."

"आणि आज संध्याकाळपासून यंत्र एकदाही थांबलं नाही तर?"

तिने कठड्याचा दगड घट्ट धरला होता. चिमट्याने हिशेब दोनदा केला. त्याला एकदा करून चैन पडत नसे. एवढ्या वेळात बांधाखालून किती पाणी गेलं असेल, तेही तिच्या मनात येऊन गेलं.

"तीस पूर्णांक दोन," तो म्हणाला. "नदीने दगा दिला नाही तर. बाई? ऐकताय ना? भरतात. काठावर भरतात, पण भरतात."

तिचे डोळे भरून आले. चिमट्याने पहिल्यांदाच कोणाची चूक न सापडताही आनंदात फोन ठेवला. नदीने दगा दिला नाही, हे इथंच सांगून टाकतो. वर्ष संपलं तेव्हा आकडा तीस पूर्णांक एक झाला आणि परवाना राहिला. अध्यक्षसाहेबांनी अहवाल वाचून तिला एवढंच विचारलं, की कारणांच्या रकान्यात स्वतःचं नाव घालायची गरज होती का. ती म्हणाली, होती. त्यांनी सही केली.

पण त्या दुपारी काकाला समजावणं हे हिशेबापेक्षा अवघड निघालं. ती म्हणाली, "काका, आजपासून रीडिंगसाठी यंत्र बंद करायचं नाही. वरचा आकडा तुम्ही वाचा, खालचा खालच्या माणसाला वाचू द्या. टेलिफोनवर सांगा. बस."

"फरक पडेल."

"पडू दे."

काका तिच्याकडे बघत राहिला. "लेखी द्या," तो म्हणाला.

तिला हसू आलं आणि लगेच ते गिळावंही लागलं, कारण तो अगदी गंभीर होता आणि त्याचं बरोबरच होतं. तिने वही पुढे ओढली आणि दुपारच्या नोंदीखाली लिहिलं: रीडिंगसाठी यंत्र बंद करू नये. दोन मीटरांत थोडा फरक असणारच. त्याचा खुलासा मागितला जाणार नाही. अकरा वर्षांपूर्वी तो मागितला गेला, ती या अधिकाऱ्याची चूक होती. खाली सही, हुद्दा, तारीख. काकाने चष्मा लावून ते दोनदा वाचलं. वही मिटून जागेवर ठेवली, मग पुन्हा उघडून तिसऱ्यांदा वाचलं.

ती परत निघू शकली असती. पण संध्याकाळच्या सहाच्या रीडिंगला ती थांबली, आणि खालचा आकडा मीच वाचते, म्हणाली. एकशेचाळीस पायऱ्या ती दुसऱ्यांदा उतरली. या वेळी एकटीने, आणि प्रत्येक पायरीला तिला त्या गुडघ्याची आठवण झाली. उपकेंद्रातल्या माणसाने तिच्यासाठी खुर्ची सरकवली, पण ती उभीच राहिली. सहाला टेलिफोन वाजला. त्यात यंत्राचा घुमणारा आवाज येत होता.

"हात चाकाकडे जातोय, बाई," काका म्हणाला.

"मागे घ्या. वाचा."

काकाने त्याचा आकडा वाचला, तिने तिचा. तिने घट वजा केली. फरक चौदा युनिटांचा होता.

"चौदा," ती म्हणाली.

"चौदा," काका म्हणाला. "काय लिहू?"

"जे आहे ते. फरक चौदा."

कागदावर पेन चालल्याचं टेलिफोनवर ऐकू येत नसतं, पण तो लिहितोय हे तिला कळत होतं. ती थांबली. काकाच्या मागे यंत्र चालू होतं.

"बाई," काका शेवटी म्हणाला, "असा फरक चालतो, हे तेव्हाच सांगितलं असतंत तर."

"तेव्हा मलाच माहीत नव्हतं, काका."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला, आणि कोणीतरी दमून बसावं तसा लांब श्वास.

"मग ठीक आहे," काका म्हणाला. "मला वाटायचं, तुमचा माझ्यावर विश्वास नव्हता."